उणे आठ

संगणकाच्या मेमरीत वजाचं चिन्ह नसतं. हे मी एकदा घरी सांगितलं तेव्हा आईने लगेच विचारलं, "मग उधारी कशी लिहितात गं?" तिला प्रोग्रॅमिंगमधलं काही कळत नाही, पण ज्यांना कळतं असे बरेच जण हा प्रश्न विचारायला विसरतात. इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने शून्याखालच्या संख्यांचे नियम लिहिले ते धन आणि ऋण याच भाषेत. ऋणातून शून्य वजा केलं तर ऋणच उरतं, असं त्याने लिहून ठेवलंय. गृहकर्जाचे हप्ते भरणाऱ्यांना ते वेगळं शिकवावं लागत नाही.

तर उधारी कशी लिहितात? आठ बिटांचा एक बाइट घ्या. त्यात १११११००० लिहिलंय. हे किती? साध्या हिशेबाने दोनशे अठ्ठेचाळीस. पण सगळ्यात डावीकडच्या बिटाची किंमत १२८ न धरता उणे १२८ धरायची असं आधी ठरलेलं असेल, तर तेच उणे आठ. करून बघा: उणे १२८, त्यात ६४, ३२, १६ आणि ८ मिळवा. या पद्धतीला टूज कॉम्प्लिमेंट म्हणतात आणि ती भलतीच सोयीची आहे. बेरीज करणाऱ्या सर्किटला समोर आलेली संख्या धन आहे की ऋण हे माहीत असावंच लागत नाही. ते डोळे मिटून बेरीज करतं आणि तेवढ्याच बिटांत राहिलं तर उत्तर दोन्ही अर्थांनी बरोबर येतं. गंमत म्हणजे सी भाषेच्या प्रमाणग्रंथात ही पद्धत सक्तीची झाली ती अगदी अलीकडे, सी२३ या आवृत्तीत. तोवर जवळजवळ सगळं जग ती पाळत होतं, फक्त तसा नियम नव्हता.

आपल्याकडे यापेक्षा सरळ व्यवस्था होती. भास्कराचार्यांच्या बीजगणितात ऋण संख्येच्या डोक्यावर एक टिंब द्यायचे. टिंब दिसलं की ऋण, नाही दिसलं की धन. शंकेला जागा नाही. त्याच ग्रंथात माकडांचं एक गणित आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा केले, आलेल्या संख्येचा वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली आणि एक झाडावर दिसतंय; तर एकूण माकडं किती? उत्तरं दोन येतात, पन्नास आणि पाच. पाच घेतले तर पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले की उणे दोन उरतात. आचार्यांनी पाच हे उत्तर बाजूला ठेवलं आणि कारण दिलं ते असं, की ऋण झालेल्या व्यक्त राशीवर लोकांचा विश्वास बसत नाही. गणित चुकलं असं ते म्हणत नाहीत. लोकांना पटणार नाही, एवढंच म्हणतात. चाळीसगावजवळ पाटणादेवीला त्यांच्या नातवाच्या मठाचा शिलालेख आहे. तिकडे सहलीला जाणाऱ्या आयटीवाल्यांनी तिथे क्षणभर थांबावं असं मला नेहमी वाटतं. आपल्या धंद्यातल्या निम्म्या भानगडी त्या टिंबाच्या आहेत.

कारण मेमरीतल्या बिटांच्या डोक्यावर टिंब नाही. बिट कसे वाचायचे हे बिटांना ठाऊक नसतं, वाचणाऱ्याला ठाऊक असावं लागतं. प्रोसेसरला ते असतं. इंटेलच्या प्रोसेसरसाठी लिहिलेल्या बऱ्याच प्रोग्रॅमांच्या पोटात डोकावलं तर '८बी ४५ एफसी' असे तीन बाइट सापडतात. सोळाच्या पायाने लिहिताना दहापासून पंधरापर्यंत ए ते एफ ही अक्षरं वापरतात, म्हणून ही अशी अर्धी आकडी अर्धी अक्षरी लिपी. यातला शेवटचा एफसी नुसता वाचला तर २५२. पण या जागी येणारा बाइट चिन्हासकट वाचायचा हे प्रोसेसरच्या रचनेतच पक्कं केलेलं आहे, म्हणून तो उणे चार वाचतो आणि एका ठरावीक खुणेच्या चार घरं अलीकडे ठेवलेला आकडा उचलून आणतो. सेकंदाला अब्जावधी वेळा हे चालतं आणि त्यात कधी गोंधळ होत नाही. अशा प्रोग्रॅममधले बरेचसे स्थानिक व्हेरिएबल्स असेच खुणेच्या उण्या बाजूला राहतात. म्हणजे संगणकाचं निम्मं आयुष्य शून्याच्या खाली जातं आणि त्याला त्याचं काही वाटत नाही.

पंचाईत होते ती बाहेरून बघणाऱ्याची. मी ज्यावर काम करते तो डीबगर हा असा बाहेरचा. दुसऱ्याचा प्रोग्रॅम मध्येच थांबवायचा, त्याच्या मेमरीत हात घालायचा आणि मालकाला सांगायचं की बाबा रे, तुझ्या या व्हेरिएबलमध्ये आत्ता हे आहे. रिचर्ड स्टॉलमनने १९८६ मध्ये जीडीबी लिहिला, तो आजही जगभर रोज वापरला जातो, आणि त्याच घराण्यातले कितीतरी लहानमोठे डीबगर वेगवेगळ्या कंपन्यांत नांदतात. आमचा त्यातलाच एक. टीममधल्या निम्म्या पोरांपेक्षा वयाने मोठा, आणि त्यामुळे त्याच्याशी सगळे जरा जपून वागतात.

डीबगरचं एक सुख आहे: त्याच्यावर कुणी संशय घेत नाही. आकडा चुकीचा दिसला की लोक आपला प्रोग्रॅम तपासतात, मग कंपायलरला शिव्या देतात, मग चहा पितात, मग हार्डवेअरवाल्यांना फोन करतात. डीबगरच चुकीचं सांगत असेल हा विचार यादीत फार खाली येतो, बहुतेक वेळा येतच नाही. त्यामुळे आमच्याकडे तक्रारी कमी येतात, आणि ज्या येतात त्या कुणीतरी पार वैतागून, बाकी सगळं तपासून झाल्यावरच पाठवलेल्या असतात.

ही अशीच आली. कोल्हापूरचा एक इंजिनियर, पंपाच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहिणारा. बोर्डावर चढवण्याआधी तो आपला कोड लिनक्सच्या लॅपटॉपवर चालवून बघायचा. प्रोग्रॅमने मागून घेतलेल्या मेमरीचे तुकडे किती मोठे आहेत हे पाहायला त्याने डीबगरमध्ये एक लहानशी स्क्रिप्ट लिहिली होती. फोनवर पहिलंच वाक्य आलं, "मॅडम, तुमचा डीबगर चार जीबी पुढं जाऊन बघालाय."

"पुढे म्हणजे?"

"म्हंजे मी म्हणालोय आठ बाइट मागं जा. ह्यो गेलाय पुढं. ते पण चार जीबी."

मागे जायची त्याची मागणी रास्त होती. लिनक्सवर मेमरीचा तुकडा मागितला की हातात जो पत्ता येतो, त्याच्या आठ बाइट अलीकडे त्या तुकड्याचा आकार लिहिलेला असतो. चोवीस बाइट मागितले तर तिथे सोळाच्या पायाने २१ सापडतं. म्हणजे तेहतीस: बत्तीस हा खरा आकार, आणि वरचा एक ही 'अलीकडचा तुकडा वापरात आहे' अशी खूण. ज्याला पत्ता दिला त्याने या नोंदीकडे बघू नये अशी अपेक्षा असते, पण डीबगरवाल्यांचा जन्मच बघू नये ते बघण्यासाठी झालेला आहे. त्याच्या पॉइंटरमधला पत्ता होता ५५५५ ५५५५ ९२ए०. किती मागे जायचं ते त्याच्या प्रोग्रॅममधल्या एका साध्या इंटिजर व्हेरिएबलमध्ये होतं: उणे आठ. दोन्हींची बेरीज व्हायला हवी होती ५५५५ ५५५५ ९२९८. आमच्या डीबगरने सांगितलं, ५५५६ ५५५५ ९२९८ या पत्त्यावरची मेमरी वाचता येत नाही.

हे दोन पत्ते जरा पुन्हा बघा. पाचांच्या एवढ्या रांगेत एक सहा आहे. मी त्याने पाठवलेला स्क्रीनशॉट बराच वेळ बघत होते आणि मला ते दोन्ही सारखेच दिसत होते. त्याला तो सहा कसा दिसला असं विचारलं तर म्हणाला, "सकाळपास्नं त्येच बघालोय की."

झालं होतं ते असं. उणे आठ हा आकडा बत्तीस बिटांत ठेवला की त्याचं रूप होतं सात एफ आणि शेवटी एक आठ. हेच बिट चिन्हाविना वाचले तर चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी. आकडा बत्तीस बिटांचा, पत्ता चौसष्ट बिटांचा. बेरजेआधी लहानाला मोठं करायला हवं. मोठं करायचे प्रकार दोन. डावीकडे नुसती शून्यं भरा, किंवा पहिलं बिट जे असेल तेच डावीकडे भरत न्या. पहिल्या प्रकारात चार अब्ज चार अब्जच राहतात. दुसऱ्या प्रकारात उणे आठ उणे आठ राहतात. प्रोसेसरमध्ये या दोन कामांसाठी दोन वेगळ्या आज्ञा आहेत, कारण ती दोन वेगळी कामं आहेत. आमच्या कोडमध्ये दोन्हींसाठी एकच रस्ता होता, शून्यं भरणारा.

मग इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? याचं उत्तर मला फार आवडतं. जुन्या बत्तीस बिटांच्या मशीनवर ही चूक चूकच नव्हती. तिथे पत्तेच मुळात ४,२९,४९,६७,२९६ असतात आणि शेवटच्या पत्त्यानंतर पुन्हा शून्य येतं. देवळाच्या प्रदक्षिणामार्गावर आठ पावलं मागे जा किंवा आठ पावलं कमी ठेवून अख्खी प्रदक्षिणा घाला, उभे राहाल त्याच फरशीवर. आमचा डीबगर वर्षानुवर्षं अख्खी प्रदक्षिणा घालत होता आणि दर वेळी बरोबर फरशीवर पोचत होता, त्यामुळे कुणी त्याला हटकलं नाही. चौसष्ट बिटांची मशीनं आली आणि देवळाच्या प्रदक्षिणेची नर्मदा परिक्रमा झाली. त्याच्या पावलांचा हिशेब मात्र देवळाचाच राहिला. थेट उणे आकडा टाइप केला तर आणखी एका वेगळ्या वाटेने तो नीट मोठा व्हायचा, म्हणून हाताने 'उणे आठ' लिहिणाऱ्यांना कधी त्रास झाला नाही. व्हेरिएबलमधून आला तरच भानगड. आणि नकाशावर नसलेल्या जागी जाऊन आदळला तर निदान 'वाचता येत नाही' असं सांगायचा. पुढे चार जीबीवर खरंच कुणाची तरी मेमरी असली, तर तिथला आकडा उचलून त्याने शांतपणे तुकड्याचा आकार म्हणून सांगितला असता. कित्येकदा सांगितलाही असेल.

पॉइंटर जर चार-चार बाइटांच्या आकड्यांचा असेल तर मजा चौपट. पॉइंटरमध्ये एक मिळवणं म्हणजे एक घर पुढे जाणं, आणि घर चार बाइटांचं असतं. चार अब्जांना आधी चाराने गुणायचं आणि मग चालायला लागायचं. सोळा जीबी.

आमच्या मॅनेजरने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं, मग सगळंच साइन्ड करून टाक ना. दुपारपर्यंत होईल." साइन्ड म्हणजे चिन्हासकट. तो हुशार आहे, स्वतः कोड लिहायचा तेव्हाही हुशारच असावा. आणि त्याचा उपाय दुपारपर्यंत खरंच झाला असता. पण समजा कुणी मेमरीत एक मोठी फाइल उघडून बसलाय, आणि तिच्या सुरुवातीपासून तीन अब्ज बाइट पुढची नोंद त्याला हवी आहे. तीन अब्ज हे बत्तीस बिटांत चिन्हाविना मजेत मावतात. 'सगळंच साइन्ड' केलं की तेच तीन अब्ज उणे एक अब्ज एकोणतीस कोटी होतात, आणि डीबगर फाइलच्या आरंभाच्या कितीतरी मागे जाऊन उभा राहतो. कोल्हापूरची तक्रार मिटेल आणि दुसऱ्या कुठल्या तरी गावाहून येईल.

म्हणजे दर वेळी विचारायला हवं: बाबा, तू कोण? साइन्ड की अनसाइन्ड? आणि विचारायचं कुणाला, इथून पुढे खरा विषय सुरू होतो.

कंपायलर प्रोग्रॅम तयार करताना डीबगरसाठी एक जाडजूड वही सोबत ठेवतो. कुठलं व्हेरिएबल कुठे राहतं, त्याचा प्रकार काय, सगळं त्यात असतं. या वहीच्या लिपीला ड्वार्फ म्हणतात. तिची दुसरी आवृत्ती १९९३ची, पाचवी २०१७ची. वही काटकसरीने लिहिलेली असते. 'खुणेपासून उणे वीसवर' हे वाक्य तिथे दोन बाइटांत मावतं: ९१ ६सी. पहिला बाइट 'खुणेपासून', दुसरा उणे वीस. दुसऱ्यात सात बिटांचा आकडा असतो आणि आठवं बिट 'पुढे आणखी आहे का' हे सांगतं. ६सी चिन्हाविना वाचला तर १०८. पण ९१ नंतरचा आकडा चिन्हासकटच वाचायचा हे प्रमाणग्रंथात स्पष्ट आहे, त्यामुळे इथे घोळ नाही. घोळ आहे तो 'चार बाइटांचा डेटा' अशा एका नोंदीत. चार बाइट, बस. चिन्हासकट की चिन्हाविना, ते लिहिणाऱ्याला माहीत. वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखावं. प्रमाणग्रंथाच्या कर्त्यांनाही हे टोचलं असावं, कारण चिन्ह सांगणारे दुसरे प्रकार उपलब्ध आहेत, ते वापरण्याचा जोरदार आग्रह त्यांनी कंपायलरवाल्यांना त्याच ग्रंथात केला आहे. आग्रहाचा परिणाम लग्नातल्या जेवणापलीकडे फारसा होत नाही.

एक उदाहरण. सी भाषेत काही लोक रचनेच्या शेवटी रिकामा अ‍ॅरे ठेवतात, शून्य लांबीचा. लांबी शून्य म्हणजे शेवटच्या घराचा क्रमांक उणे एक. हा उणे एक वहीत 'चार बाइटांचा डेटा' म्हणून गेला आणि वाचणाऱ्याने चिन्ह धरलं नाही, तर शेवटच्या घराचा क्रमांक होतो चार अब्ज एकोणतीस कोटी आणि काही. रिकाम्या अ‍ॅरेत काय आहे असं विचारा, डीबगर बिचारा छापत बसतो.

पत्त्यांचंही तेच. पत्ता म्हणजे घराचा नंबर, तो कधी ऋण असेल का? सरळ बुद्धी म्हणते, नाही. मिप्स नावाच्या प्रोसेसरने म्हटलं, का नाही? तिथे बत्तीस बिटांचा पत्ता चौसष्ट बिटांत नेताना चिन्ह धरूनच वाढवावा लागतो. दोन अब्जांच्या वरचे पत्ते म्हणजे त्याच्या दृष्टीने शून्याखालचे. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा नेमका त्याच भागात राहतो. एका प्रोसेसरसाठी शून्यं भरणं ही चूक, दुसऱ्यासाठी न भरणं ही चूक, आणि आमचा डीबगर दोन्हींवर चालतो असं आमच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलेलं आहे.

यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो 'चार' या प्रकारावर. म्हणजे आकडा चार नव्हे; एका बाइटाचा, अक्षर ठेवायचा जो प्रकार असतो, तो. कुणी काटकसर म्हणून त्यातच लहान आकडे ठेवतात. त्यात उणे आठ ठेवले, तर वाचताना काय निघावं? इंटेलवर लिनक्समध्ये उणे आठ. एआरएमवर लिनक्समध्ये दोनशे अठ्ठेचाळीस, कारण तिथे साधा कॅरेक्टर चिन्हाविना धरायची प्रथा आहे. कोड तोच, माणूस तोच, लॅपटॉपवरून बोर्डावर गेला की दोनशे छप्पन्नचा फरक. आणि कोल्हापूरकरांचा बोर्ड एआरएमचाच. मी टेस्ट लिहिली: लॅपटॉपवर उत्तर उणे आठ यायला हवं, बोर्डावर २४८ यायला हवं. रिव्ह्यू करणारा आमच्यातला सर्वांत जुना माणूस, सगळे त्याला दादा म्हणतात. त्याने शेजारी येऊन विचारलं, "हे २४८ चुकीचं नाही का गं? लिहिणाऱ्याला उणे आठच म्हणायचं होतं ना?"

"हो दादा, पण त्याचा प्रोग्रॅम तिथे २४८च धरेल."

"म्हणजे त्याचा प्रोग्रॅम चुकलाय."

"हो."

"आणि आपण तसंच चुकायचं?"

"तसंच."

दादाला हे माझ्याआधीपासून माहीत होतं. त्याला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं. डीबगरचं काम बरोबर उत्तर देणं हे नाहीच. प्रोग्रॅम जिथे चुकतो तिथे, तशीच, तेवढीच चूक करून दाखवायची. एक कणभर जास्त नाही, एक कणभर कमी नाही. सी भाषेत 'उणे एक हे इंटिजरच्या आकारापेक्षा लहान आहे का' असं विचारलं तर उत्तर येतं 'नाही'. या तुलनेत आकाराची बाजू चिन्हाविना असते, म्हणून दुसऱ्या बाजूचंही चिन्ह काढून घेतलं जातं, आणि बिचारं उणे एक त्या क्षणी जगातली सगळ्यात मोठी संख्या होऊन बसतं. पाचवीतलं पोर हसेल. पण डीबगरने तिथे 'हो' असं शहाण्यासारखं उत्तर दिलं, तर ज्या ओळीत प्रोग्रॅम फसलाय नेमकी तीच ओळ त्याला निर्दोष दिसेल. तिथे पाचवीतलं शहाणपण बाजूला ठेवूनच उत्तर द्यावं लागतं. आमची चूक उणे आठला चार अब्ज म्हणण्याची नव्हती. प्रोग्रॅम स्वतः तसं म्हणत नसताना आम्ही म्हणालो, ही होती.

असं काम करणाऱ्यांचा स्वभाव हळूहळू बदलतो, हे मी स्वतःवरून सांगते. समोरचा चुकीचं बोलला तर त्याला दुरुस्त करण्याआधी, हा कुठल्या हिशेबाने असं बोलला असेल, ते आधी मनात मांडून बघायची सवय लागते. घरी याचा उपयोग होतो. ऑफिसात कमी होतो, कारण तिथे सगळ्यांनाच ही सवय लागलेली असते आणि मीटिंगमध्ये कुणीच कुणाला दुरुस्त करत नाही.

शेवटी बदल झाला तो एका फंक्शनमध्ये. आकडा मोठा करण्याआधी त्याचा प्रकार विचार, प्रकार साइन्ड असेल तर चिन्ह धरून वाढव, नसेल तर शून्यं भर. मूळ ओळीच्या जागी तेवढीच छोटी दुसरी ओळ. ती का, हे सांगणारा कमिट मेसेज तिच्यापेक्षा कितीतरी मोठा, आणि टेस्टची फाइल त्याहून मोठी: बाइट, दोन बाइट, चार, आठ; साइन्ड, अनसाइन्ड; पॉइंटरच्या उजवीकडे, डावीकडे; बेरीज, वजाबाकी. वजाबाकी विसरू नये. उणे आठ वजा करणं म्हणजे आठ पुढे जाणं, आणि जुना कोड तिथे चार जीबी मागे जायचा. आपल्या शाळेत 'उणे उणे अधिक' हे घोकून घेणाऱ्या मास्तरांना आमच्या टेस्ट फाइलमध्ये हळूच स्मरावं असं माझ्या मनात होतं, पण आमच्या कोडमध्ये कॉमेंट मराठीत लिहायची पद्धत नाही.

दादाने पॅच पास केला. रात्रीच्या बिल्डमध्ये सगळ्या टेस्ट हिरव्या आल्या. नवी आवृत्ती बाहेर पडली, कोल्हापूरलाही पोचली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन.

"मॅडम, आता त्यो चार जीबी मागं जाऊन बघालाय."

मी पुन्हा पत्ते मागवले. ५५५४ ५५५५ ९२९८. पाचांच्या रांगेत या वेळी एक चार. मी त्याला म्हटलं, तुमची स्क्रिप्ट जरा वाचून दाखवा. त्याने ओळीमागून ओळ वाचली आणि शेवटून दुसऱ्या ओळीशी अडखळला. आम्ही दुरुस्त करीपर्यंत काम अडायला नको म्हणून त्याने तिथे उत्तरातून ४२९४९६७२९६ वजा करून घेतले होते. बाजूला कॉमेंट होती: डीबगरवाल्यांसाठी.

"ही ओळ काढा आता," मी म्हटलं.

"काढतो की. पण मॅडम, आमच्या चार साइटवर तुमची जुनीच आवृत्ती हाय. तिथं ठेवू का?"

मी त्याला म्हटलं, आधी डीबगरला त्याची आवृत्ती विचारा आणि मग ठरवा. तो ती कशी विचारायची ते लिहून घ्यायला लागला.